‘अ‍ॅना ओ.’ बरी झाली, पण कधी?

सायकॉलॉजी घेतलेल्या कुणालाही विचारा, अ‍ॅना ओ. कोण? उत्तर पाठ असतं. व्हिएन्नातली एक तरुण मुलगी, हिस्टेरियाची पेशंट. डॉ. ब्रॉयर यांच्याशी बोलून बोलून बरी झाली, तिथून ‘टॉकिंग क्युअर’ आला, मग फ्रॉइड आणि पुढचं सगळं. एफवायला मीही हेच लिहून मार्क मिळवलेत.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा मेसेज आला. थेरपी सुरू करायचीय, पण कुणाकडे जाऊ आणि चांगलं कोण हे कळतं कसं? मी स्वतः दोन वर्षांपूर्वी यातून गेलेय, तरी मला धड उत्तर देता येईना. दोन नंबर पाठवले, एक हार्टवाली इमोजी टाकली आणि गप्प बसले. नंतर या पानासाठी विषय शोधताना अ‍ॅना ओ. पुन्हा समोर आली. मनात आलं, जिच्या केसवरून बोलून उपचार करायची कल्पना जगभर गेली, तिला स्वतःला त्या उपचारांचा काय अनुभव आला असेल? वाचत गेले आणि पाठ केलेलं उत्तर डळमळायला लागलं. ‘बरी झाली’ असं डॉक्टर म्हणाले त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांत ती सॅनेटोरियममध्ये दाखल झाली होती. आणि तिचं नाव अ‍ॅना नव्हतंच.

तिचं नाव बर्था पापेनहाइम. जन्म २७ फेब्रुवारी १८५९, व्हिएन्ना. घर श्रीमंत व्यापाऱ्याचं, ज्यू आणि चांगलंच कर्मठ. दोन मोठ्या बहिणी होत्या. त्यातली एक बर्थाच्या जन्माआधीच गेली आणि दुसरी बर्था आठ वर्षांची असताना. दीड वर्षांनी लहान भाऊ होता, विल्हेल्म. बर्था कॅथलिक मुलींच्या शाळेत शिकली. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन अशा भाषा तिला यायच्या. डोकं तल्लख. पण सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि तिथंच सगळं थांबलं. विल्हेल्म पुढे कायदा शिकायला गेला. बर्थानं भरतकाम करायचं, पियानो वाजवायचा, घोड्यावर फेरफटका मारायचा आणि स्थळ यायची वाट बघायची. व्हिएन्ना विद्यापीठानं मुलींना दार उघडलं ते १८९७ मध्ये. तोवर बर्था अडतीस वर्षांची झाली होती.

मग ती मनातल्या मनात गोष्टी रचायला लागली. हातात सुई, समोर पाहुणे, कुणी काही विचारलं तर उत्तरही बरोबर द्यायची, पण डोक्यात वेगळंच नाटक चालू. घरात कुणाला पत्ताही नव्हता. (लेक्चरला पहिल्या बाकावर बसून हे करणारे आपल्यातही कमी नाहीत.)

१८८० च्या जुलैत कुटुंब सुट्टीला गेलं असताना वडील आजारी पडले. आजार छातीचा, गंभीर. बर्था एकवीस वर्षांची. रात्रपाळी तिच्याकडे आली. रात्रभर उशाशी बसायचं आणि दिवसा झोपायचा प्रयत्न करायचा. काही महिन्यांत तिचं स्वतःचं शरीर बंड करायला लागलं. आधी खोकला, जेवण जाईना, अशक्तपणा. मग डोळ्यांना नीट दिसेना, उजवा हात आणि पाय लुळा पडला, काळे साप दिसायला लागले. त्यानंतर भाषाच गेली. आधी व्याकरण विस्कटलं, मग शब्द मिळेनासे झाले, आणि बोलता आलं तेव्हा फक्त इंग्रजी येत होतं. जर्मन, म्हणजे आईची भाषा, तिला ऐकून कळायची पण तोंडातून निघायची नाही. हे नेमकं काय होतं यावर डॉक्टर आणि इतिहासकार आजही भांडतात. कुणी एपिलेप्सी म्हणतं, कुणी डिप्रेशन, कुणी मेंदूचा टीबी. त्या काळचा शब्द हिस्टेरिया. बायकांच्या बाबतीत ज्याचं कारण सापडत नाही त्याला बहुतेक वेळा हाच शब्द लावला जायचा.

डॉक्टर आले ते योझेफ ब्रॉयर. वय अडतीस, व्हिएन्नातल्या बड्या घरांचे फॅमिली डॉक्टर, शिवाय संशोधक. मेडिकलवाल्यांना हेरिंग-ब्रॉयर रिफ्लेक्स माहीत असेल, त्यातले ब्रॉयर हेच. मनाचे डॉक्टर असे ते नव्हतेच. पण त्यांनी एक गोष्ट केली जी त्या वेळी जवळजवळ कुणीच करत नव्हतं. त्यांनी बसून ऐकलं. जवळपास रोज, कित्येकदा तासन् तास, आणि इंग्रजीत, कारण तिला तेवढंच बोलता येत होतं. संध्याकाळी ती अर्धवट झोपेत, गुंगीत असायची. तेव्हा तिला तिच्याच गोष्टीतला एखादा शब्द सुचवला की ती सुरू व्हायची. सुरुवातीला परीकथांसारख्या गोष्टी, बहुतेकींमध्ये कुणीतरी मुलगी आजारी माणसाच्या उशाशी बसलेली. गोष्ट सांगून झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत ती शांत असायची. ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव ब्रॉयर किंवा फ्रॉइड यांनी दिलेलं नाही, ते तिनं दिलं. गंमत म्हणून ती त्याला धुरांडं साफ करणंही म्हणायची.

५ एप्रिल १८८१ ला वडील गेले. शेवटच्या दिवसांत तिला त्यांच्याजवळ फारसं जाऊच दिलं नव्हतं. ज्या माणसासाठी तिनं रात्री जागवल्या त्याचा निरोपही धड घेता आला नाही. त्यानंतर ती कोसळली. माणसं ओळखू येईनात, जेवण फक्त ब्रॉयर यांच्या हातून.

याच दिवसांत घडलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. दुसरं मत घ्यावं म्हणून एका तज्ज्ञाला बोलावलं. बर्थाच्या लेखी तो खोलीत नव्हताच, इतर अनोळखी माणसांसारखाच. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माणूस काही वेळ प्रयत्न करत राहिला आणि मग त्यानं सरळ तिच्या तोंडावर धूर सोडला. तिला अचानक समोर एक परका माणूस दिसला. ती किल्ली काढायला दाराकडे धावली आणि बेशुद्ध होऊन पडली. हे ब्रॉयर यांनीच लिहून ठेवलंय. तज्ज्ञाला त्याचा मुद्दा सिद्ध करता आला असेल. पेशंटचं काय झालं, हे त्याच पानावर पुढे आहे. कित्येक दिवस ती आणखी वाईट अवस्थेत होती.

माझ्याही तोंडावर एकदा धूर सोडला गेलाय, म्हणजे तसाच काहीसा. मी ज्या पहिल्या काउन्सेलरकडे गेले त्यांनी वीस मिनिटांत तीन फोन घेतले आणि मला सांगितलं की एकुलत्या एक मुलींना असं होतंच, लग्न झालं की जाईल. मी थँक्यू म्हटलं, पैसे दिले आणि बाहेर येऊन रिक्षात रडले. पुढचे सात महिने कुणाकडेच गेले नाही, कारण मला वाटलं थेरपी माझ्यासाठी नाहीये. तो माणूस माझ्यासाठी नव्हता, हे कळायला सात महिने लागले. बर्थाची गोष्ट आधी वाचली असती तर कदाचित दोन लागले असते.

७ जून १८८१ ला बर्थाला शहराबाहेर, इन्झर्सडॉर्फच्या सॅनेटोरियमजवळ हलवलं. तिच्या मनाविरुद्ध. जीव द्यायचे विचार येत होते म्हणून घरात वरच्या मजल्यावर ठेवणं धोक्याचं वाटत होतं. ब्रॉयर तिथंही येत राहिले. ते सुट्टीवर गेले की तिची तब्येत घसरायची, परत आले की आठवडाभर साचलेलं सगळं बाहेर काढावं लागायचं.

पाण्याच्या ग्लासची प्रसिद्ध गोष्ट याच उन्हाळ्यातली. प्रचंड उकाडा, आणि बर्थाला पाणी पिता येईना. ग्लास हातात घ्यायची, ओठांपर्यंत न्यायची आणि ढकलून द्यायची. सहा आठवडे ती कलिंगड-खरबुजासारख्या फळांवर राहिली. एका संध्याकाळी गुंगीत असताना ती घरातल्या इंग्रज बाईबद्दल बोलायला लागली, जी तिला आवडत नसे. त्या बाईचं कुत्रं एकदा ग्लासातलं पाणी पिताना तिनं पाहिलं होतं. किळस आली होती, पण शिष्टाचार म्हणून ती काही बोलली नव्हती. आता तो सगळा राग बाहेर पडला. मग तिनं पाणी मागितलं आणि गटागटा प्यायली. त्यानंतर ब्रॉयर आणि बर्थानं मिळून प्रत्येक लक्षण धरून मागे मागे जायला सुरुवात केली, पहिल्यांदा हे कधी झालं होतं तिथपर्यंत. हे काम चिकाटीचं होतं आणि दोघांचं होतं. पुस्तकात श्रेय डॉक्टरांना जातं. मला वाटतं निम्मं तरी तिचं आहे.

उपचार संपवायची तारीखही तिनंच ठरवली. इन्झर्सडॉर्फला नेलं त्याला वर्ष होईल तो दिवस, ७ जून १८८२. शेवटच्या दिवशी तिनं खोलीची मांडामांड वडिलांच्या आजारपणातल्या खोलीसारखी केली, साप दिसलेली ती रात्र पुन्हा सांगितली आणि जर्मन बोलायला लागली. ब्रॉयर यांच्या केस हिस्ट्रीत इथं गोष्ट संपते. पूर्ण तोल सावरायला तिला आणखी बराच काळ लागला, एवढं एक वाक्य आहे. आणि ती प्रवासाला गेली असंही.

हा प्रवास म्हणजे काय, ते उघड व्हायला नव्वद वर्षं लागली. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी इथं थोडं थांबा, कारण हा भाग आपल्या धंद्याचा आहे. हेन्री एलेनबर्गर नावाचे इतिहासकार मॉन्ट्रियलमध्ये राहायचे. त्यांच्या हाती बर्थाचा एक फोटो आला. घोडेस्वारीचा पोशाख, ताठ उभी, चेहऱ्यावर आजारपणाची खूणही नाही. साल १८८२. फोटोग्राफरचा पत्ता पुसट झाला होता. एलेनबर्गर तो फोटो घेऊन थेट मॉन्ट्रियल पोलिसांच्या प्रयोगशाळेत गेले. खास प्रकाशात गावाचं नाव दिसलं, कोन्स्टान्झ. मग प्रश्न असा की व्हिएन्नाची मुलगी १८८२ मध्ये कोन्स्टान्झला काय करत होती? त्या गावाला लागून, सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये क्रॉइत्सलिंगेन, आणि तिथं बेलव्ह्यू नावाचं नामांकित सॅनेटोरियम. एलेनबर्गर यांनी तिथं चौकशी केली. फाइल होती. त्यात ब्रॉयर यांनी स्वतः लिहिलेला रिपोर्टही होता. एलेनबर्गर यांनी हे १९७२ मध्ये छापलं. काही वर्षांनी आल्ब्रेख्ट हिर्शम्यूलर यांनी आणखी कागद शोधले.

कागद सांगतात ते असं. बर्था १२ जुलै १८८२ ला बेलव्ह्यूमध्ये दाखल झाली आणि २९ ऑक्टोबरपर्यंत तिथं होती. चेहऱ्याची नस भयंकर दुखायची. त्यासाठी मॉर्फिन चालू होतं आणि झोपेसाठी क्लोरल. मॉर्फिनची सवय लागली होती, ती सोडवायचा प्रयत्न तिथं झाला पण पूर्ण जमला नाही. रात्री अजूनही जर्मन हरवायचं. याबद्दल तिनं इंग्रजीत लिहिलेलं एक टिपणही सापडलं, तिच्याच अक्षरात. पुढे १८८३ ते १८८७ मध्ये ती तीनदा इन्झर्सडॉर्फला भरती झाली. पहिला मुक्काम साडेपाच महिन्यांचा, दुसरा चार महिन्यांचा, तिसरा जेमतेम अडीच आठवड्यांचा.

म्हणजे टॉकिंग क्युअर फेल गेला का? ब्रॉयर यांच्यावर तुटून पडणारी पुस्तकं आहेत आणि ती वाचताना मजा येते, पण मला ते तितकं सरळ वाटत नाही. पाणी ती प्यायली होती. हात हलायला लागला होता. ऐकणारं कुणीतरी मिळालं नसतं तर १८८१ च्या उन्हाळ्यातून ती जिवंत बाहेर आली असती का, हा प्रश्न उरतोच. पण दीड वर्षाचं बोलणं म्हणजे पूर्ण आयुष्य दुरुस्त असंही नव्हतं. डॉक्टरांनी फाइल बंद केली म्हणून पेशंटचं दुखणं बंद होत नाही. माझी आताची थेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणाली होती की सहा सेशननंतर आपण दोघी मिळून बघू, काही बदलतंय का, नसेल तर पद्धत बदलू किंवा मी दुसऱ्या कुणाचं नाव देईन. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, हेच बर्थाला कुणी सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट तिला मिळाली नाही, ती म्हणजे गुप्तता. सिग्मंड फ्रॉइड यांनी बर्थावर कधीही उपचार केले नाहीत. पण ते ब्रॉयर यांचे तरुण मित्र होते. शिवाय फ्रॉइड यांची होणारी बायको मार्था बर्थाला ओळखायची. मार्थाचे वडील गेल्यावर तिचे पालक म्हणून बर्थाच्याच वडिलांचं नाव लागलं होतं. तर ब्रॉयर फ्रॉइडना सांगायचे आणि फ्रॉइड मार्थाला पत्रात लिहायचे. १८८३ च्या ऑगस्टमधल्या एका पत्रात असं आहे की बर्थाची अवस्था पाहून ब्रॉयरना वाटतं ती मेली तर सुटेल बिचारी. कळवळ्यानं म्हटलं असेल. तरीही, आपल्या डॉक्टरच्या मनात हे आहे आणि ते आपल्या ओळखीच्या मुलीपर्यंत पोचलंय, ही कल्पना करून बघा. पुढं तिच्यावर उपचार करायला ब्रॉयर पुन्हा गेले नाहीत.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक आलं. त्यातली पहिली केस अ‍ॅना ओ. नाव बदललं, पण कसं? बी आणि पी ही अक्षरं प्रत्येकी एक घर मागे सरकवली, ए आणि ओ. आपण शाळेत चिठ्ठ्यांसाठी वापरायचो तसलं कोड. व्हिएन्नात तिच्या घराला ओळखणाऱ्यांना ते उलगडणं फार कठीण नव्हतं.

आता बर्थाकडे परत जाऊया, कारण आतापर्यंत तिच्याबद्दल सगळे दुसरेच बोलताहेत. दवाखान्यांच्या फेऱ्यांच्या मधल्या काळात ती कार्ल्सरूहेला नातेवाइकांकडे राहिली. तिथं तिनं नर्सिंगचा छोटा कोर्स केला. तिथली एक मोठी बहीण, चुलत-मावस नात्यातली, आना एट्लिंगर, स्वतः लेखिका आणि शिक्षिका होती. ती म्हणाली लिही. इतकी वर्षं डोक्यातल्या डोक्यात चाललेल्या त्या गोष्टी बर्था कागदावर उतरवायला लागली. नोव्हेंबर १८८८ मध्ये ती आईबरोबर फ्रँकफर्टला, आईच्या माहेरच्या गावी राहायला गेली. वय एकोणतीस. नवीन शहर, जिथं तिला पेशंट म्हणून कुणी ओळखत नव्हतं.

फ्रँकफर्टला ती आधी गरिबांसाठी चालणाऱ्या अन्नछत्रात मदत करायला जायला लागली. मग ज्यू मुलींच्या अनाथाश्रमात गोष्टी वाचून दाखवायला. १८९० मध्ये तिचं कथांचं पुस्तक आलं, पाउल बेर्टहोल्ड या पुरुषी टोपणनावानं. (बी. पी. उलटं केलं की पी. बी. या बाईचं आणि आद्याक्षरांचं काय होतं कुणास ठाऊक.) १८९५ मध्ये अनाथाश्रमाच्या प्रमुख बाईंची जागा रिकामी झाली आणि ती बर्थानं घेतली. हो, तेच १८९५. तिकडे पुस्तकात एकवीस वर्षांची लुळी पडलेली अ‍ॅना ओ. छापली जात होती आणि इकडे छत्तीस वर्षांची बर्था किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून भांडारातलं पीठ मोजत होती. बारा वर्षं तिनं ते काम केलं.

१८९९ मध्ये तिनं मेरी वोलस्टोनक्राफ्ट यांच्या स्त्रियांच्या हक्कांवरच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला, स्वतःच्या खर्चानं छापला. त्याच वर्षी बायकांच्या हक्कांवर एक नाटकही लिहिलं. १९०४ मध्ये तिनं ज्यू महिलांची देशव्यापी संघटना उभी केली. पुढे तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या घरात गेली आणि बर्था वीस वर्षं अध्यक्ष होती. तिचा मुख्य लढा मुलींच्या खरेदी-विक्रीविरुद्ध होता. पूर्व युरोपातल्या गॅलिशियासारख्या गरीब भागातून लग्नाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवून मुली नेल्या जायच्या, ब्वेनोस आयरेस, कॉन्स्टँटिनोपल आणि पूर्वेकडच्या बंदरांवर. मुंबईही त्या वाटेवर होती. कामाठीपुऱ्यातल्या एका गल्लीला ‘सफेद गल्ली’ नाव पडलं ते तिथं आणून ठेवलेल्या युरोपियन बायकांमुळे. बर्था गॅलिशियात, बाल्कनमध्ये, तुर्कस्तानात फिरली, वेश्यावस्त्यांमध्ये आणि इस्पितळांमध्ये जाऊन मुलींशी बोलली. आपल्याच समाजातले लोक यात दलाल आहेत हे तिनं जाहीर सांगितलं आणि स्वतःच्या समाजाचा रोषही ओढवून घेतला. प्रवासातल्या पत्रांचं पुस्तक १९२४ मध्ये आलं. त्याचं नाव तिनं ‘सिसिफसचं काम’ अशा अर्थाचं ठेवलं. दगड डोंगरावर न्यायचा, तो परत खाली येतो, तोच तो सिसिफस.

१९०७ मध्ये फ्रँकफर्टजवळ नॉय-इझेनबुर्ग इथं तिनं मुलींसाठी घर सुरू केलं. लग्नाआधी आई झालेल्या, वस्तीतून सुटलेल्या, घरातून काढलेल्या मुली आणि त्यांची बाळं. तिथं शिस्त कडक होती. बर्था गोड स्वभावाची म्हणून प्रसिद्ध नव्हती, उलट फटकळ होती. पण एकेका मुलीशी ती वेळ देऊन बोलायची. आणि एक गोष्ट तिच्या सहकारी बायकांनी नंतर सांगितली. घरातल्या मुलींवर सायकोअ‍ॅनालिसिसचे उपचार करायला तिचा ठाम विरोध असायचा. स्वतःच्या व्हिएन्नातल्या वर्षांबद्दल तिनं जाहीरपणे कधीच काही लिहिलं नाही. त्या विषयाचं दार तिनं बंद केलं होतं.

तिच्या या विरोधाशी मी सहमत नाही, हे सांगून टाकते. पण तिला तो का वाटला असेल हे समजतं. तिच्या वेळी विचारायला जागाच नव्हती. समोरच्याचं शिक्षण काय, मी सांगितलेलं कुठं जाणार, हे किती दिवस चालणार, मला पटलं नाही तर काय, यातलं काहीही तिला विचारता येत नव्हतं. आपल्याला येतं. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात उपचारांची माहिती मिळण्याचा आणि ती माहिती गुप्त राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, आणि तो अपवाद चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगतो. सायकायट्रिस्ट एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर असतो, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदणीत असावं लागतं, तो नंबर मागायला लाजायचं कारण नाही. काउन्सेलर म्हणवून घेणाऱ्यांमध्ये मात्र एमए झालेलेही असतात आणि वीकेंडचा कोर्स केलेलेही. म्हणून तिथं डिग्री विचाराच. माझ्या मैत्रिणीला फी विचारायलाही संकोच वाटत होता. पैसे नसतील आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आणि मराठीतही. जीव नकोसा झाला असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तिथं किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये.

आणि एवढं सगळं बघून गेल्यावरही पहिली व्यक्ती जुळेलच असं नाही. डिग्री खरी, माणूस चांगला, तरी बोलावंसं वाटत नाही, असं होतं. दोन-तीन वेळा जाऊन बघायचं, जे खटकतंय ते तोंडावर सांगायचं, त्यावर समोरचा कसा वागतो ते बघायचं. कुत्र्याच्या ग्लासबद्दल गप्प बसायचं नाही.

बर्थाचे शेवटचे दिवस हिटलरच्या जर्मनीतले. तिला भरतकामाच्या लेस आणि लोखंडाच्या बारीक कलाकुसरीच्या वस्तू जमवायचा नाद होता. तो सगळा संग्रह तिनं आईवडिलांच्या नावानं व्हिएन्नातल्या संग्रहालयाला देऊन टाकला. १९३६ मध्ये ती कॅन्सरनं खंगली होती तेव्हा पोलिसांनी चौकशीला बोलावलं. तिच्या घरातली एक मतिमंद मुलगी हिटलरबद्दल काहीतरी बोलली होती. सत्याहत्तर वर्षांची बर्था अंथरुणातून उठून गेली, शांतपणे उत्तरं देऊन आली. २८ मे १९३६ ला ती वारली. तिनं लिहून ठेवलं होतं की कबरीवर येणाऱ्यानं एक छोटा दगड ठेवावा, बस. १० नोव्हेंबर १९३८ ला नॉय-इझेनबुर्गच्या घरावर हल्ला झाला, एक इमारत जाळली. १९४२ मध्ये घर बंद करून उरलेल्यांना छावण्यांकडे पाठवलं.

१९५३ मध्ये अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉइड यांच्या चरित्रात जाहीर केलं की अ‍ॅना ओ. म्हणजे बर्था पापेनहाइम. तिची परवानगी घ्यायचा प्रश्नच नव्हता. वर एक मसालेदार किस्साही जोडला. म्हणे उपचारांच्या शेवटी तिला ब्रॉयर यांच्यापासून दिवस गेल्याचा भास झाला, ब्रॉयर घाबरून बायकोला घेऊन व्हेनिसला पळाले आणि तिथं त्यांच्या मुलीचा गर्भ राहिला. हा किस्सा अजूनही वर्गात सांगितला जातो. ब्रॉयर यांच्या त्या मुलीचा जन्म ११ मार्च १८८२ चा आहे, म्हणजे उपचार संपायच्या तीन महिने आधीचा. जन्मदाखला बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, पश्चिम जर्मनीनं मानवतेच्या मदतनीसांवर टपाल तिकिटं काढली. त्यातल्या एकावर बर्था आहे. पांढरे केस, थकलेला पण खणखणीत चेहरा. खाली पूर्ण नाव छापलंय.

मैत्रिणीनं मी दिलेल्या पहिल्या नंबरवर दोन सेशन केली आणि सोडली. दुसरीकडे बुधवारची वेळ मिळालीय.